‘पुरुषाची जातच तशी’

गेल्या महिन्यात या सदरातील एका उत्तरात स्त्रीवादी लेखनातील पुरुषांविषयीच्या कडवट भाषेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर नेहमीपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील काही सौम्य होती, काही मुळीच नव्हती. या वेळचे सदर त्यांतील पाच पत्रांना दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेते. दिवाळीला घरी आली असता जेवताना एका बातमीवरून विषय निघाला आणि ती म्हणाली, ‘बाबा, पुरुषाची जातच तशी.’ नंतर तिने मोबाइलवर ‘सर्व पुरुष बलात्कारी असतात’ असे एक वाक्य दाखवले आणि हे स्त्रीवादाचे मत असल्याचे सांगितले. मी तीस वर्षे शिक्षक होतो. घरात वा शाळेत कोणावर हात उगारला नाही. स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष, असे मी समजावे काय? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आधी त्या वाक्याचे मूळ पाहू. ते कोणत्याही संघटनेच्या ठरावातले किंवा जाहीरनाम्यातले नाही. अमेरिकन लेखिका मॅरिलिन फ्रेंच यांच्या ‘द विमेन्स रूम’ या १९७७ सालच्या कादंबरीतील वॅल नावाचे पात्र ते उच्चारते. वॅलच्या तरुण मुलीवर बलात्कार झालेला असतो आणि त्यानंतर कायद्याच्या यंत्रणेने त्या मुलीलाच ज्या रीतीने वागवले ते पाहून आलेली आई संतापाच्या भरात असे बोलते. पात्राच्या तोंडचे प्रत्येक वाक्य लेखकाचे मत मानायचे ठरवले, तर आपल्या नाटककारांपैकी निम्म्यांना तुरुंगात धाडावे लागेल. कादंबरीतून उचललेले हे वाक्य पुढे पात्रापासून, प्रसंगापासून आणि त्या आईपासून सुटे होऊन ‘स्त्रीवाद्यांचे मत’ म्हणून फिरू लागले, आणि गंमत अशी की ते फिरवण्यात स्त्रीवादाच्या समर्थकांइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, विरोधकांचा हात आहे.

एवढ्यावर आपली समजूत घालून मी मोकळी झाले, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण त्याच दशकात, कादंबरीत नव्हे तर वैचारिक ग्रंथात, याच्या जवळ जाणारे विधान झालेले आहे. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका सुझन ब्राउनमिलर यांनी १९७५ सालच्या ‘अगेन्स्ट अवर विल’ या बलात्काराच्या इतिहासावरील ग्रंथात असे मांडले की, बलात्कार ही सर्व पुरुषांनी सर्व स्त्रियांना भीतीच्या छायेत ठेवण्याची जाणीवपूर्वक चाललेली प्रक्रिया आहे. यातील ‘सर्व’ हा शब्द नजरचुकीने आलेला नव्हता. त्यावर त्यांनी मुद्दाम भर दिला होता. त्यांच्या म्हणण्यामागचा युक्तिवाद असा की, गुन्हा करणारे थोडे असले तरी त्या भीतीमुळे स्त्रीच्या हिंडण्याफिरण्यावर जी बंधने येतात, त्यांचा लाभ गुन्हा न करणाऱ्या पुरुषालाही आपोआप मिळतो. हा युक्तिवाद मला विचार करण्याजोगा वाटतो. आपल्या मुलीला रात्री दहानंतर वसतिगृहात परतताना जो हिशेब मनाशी करावा लागतो, तो आपल्याला त्या वयात करावा लागला नव्हता, आणि यात आपला काही दोष नसला तरी ही गोष्ट खरी आहे. मात्र ‘लाभ मिळतो’ हे एक आणि ‘जाणीवपूर्वक करतात’ हे दुसरे. ब्राउनमिलर यांनी पहिल्यासाठी पुरावा दिला आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढला, असे माझे मत आहे.

या विधानावरचा सर्वांत धारदार हल्ला पुरुषांकडून आला नाही. तो अँजेला डेव्हिस या कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचारवंत स्त्रीकडून आला. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला, त्याने एका गोऱ्या स्त्रीची छेड काढली असे म्हणून, गोऱ्या माणसांनी हालहाल करून ठार मारले. ब्राउनमिलर यांनी आपल्या ग्रंथात या प्रसंगाची चर्चा करताना त्या मुलाच्या कथित शिटीकडे स्त्रीवरील आक्रमणाच्या नजरेने पाहिले. डेव्हिस यांनी १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात यावर नेमके बोट ठेवले आणि दाखवून दिले की, अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषाला बलात्कारी ठरवून झाडाला टांगण्याची जी दीर्घ परंपरा होती, तिलाच अशा भाषेने नकळत बळ मिळते. ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग कागदावर सर्वांना सारखा लागू होतो. प्रत्यक्षात मात्र तो ज्यांच्या पाठीशी कोणी नाही त्यांच्या डोक्यावर आधी पडतो. आपल्याकडेही एखादा गुन्हा घडला की कोणत्या वस्तीतील तरुणांना पोलीस प्रथम उचलतात, हे आपण शिक्षक म्हणून पाहिले असेलच.

आता आपल्या मुलीच्या वाक्याविषयी. ‘पुरुषाची जातच तशी’ हा प्रयोग तिने पुस्तकातून घेतलेला नाही; तो आपल्या भाषेतला आहे. ‘बायकांची जात’, ‘बायकांची अक्कल गुडघ्यात’ अशी वाक्ये मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जेवणाच्या पंगतीत बोलली गेली आणि ती ऐकून कोणी ताटावरून उठले नाही. तिने तोच साचा उलटा करून वापरला, एवढेच. साचा उलटा केल्याने तो खरा होत नाही, हे आपण तिला जरूर सांगावे. पण तो सुलटा वापरला जात असताना आपण गप्प होतो काय, हा प्रश्न ती विचारील, त्याची तयारी ठेवावी. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. स्त्रीवादात पुरुषद्वेषाची वाक्ये सापडतात, जशी प्रत्येक मोठ्या चळवळीत न शोभणारी वाक्ये सापडतात. त्यांचा सर्वांत कठोर समाचार घेणाऱ्याही स्त्रीवादीच आहेत.

प्रश्न : ‘रॅडिकल फेमिनिझम’ला मराठीत ‘जहाल स्त्रीवाद’ म्हणतात. जहाल म्हणजे आक्रस्ताळा, असाच याचा अर्थ घ्यायचा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये, आणि दोष भाषांतराचा आहे. ‘जहाल’ म्हटले की मराठी माणसाला टिळक आठवतात आणि मवाळांशी झालेला त्यांचा झगडा आठवतो. म्हणजे फरक मार्गाचा आणि आवाजाच्या पट्टीचा वाटतो. ‘रॅडिकल’ हा शब्द मूळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, त्यामुळे ‘मूलगामी’ हा पर्याय अधिक योग्य आहे. १९६७ ते १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो येथे एकत्र आलेल्या या स्त्रियांचे म्हणणे असे होते की, मताधिकार, वेतन, नोकरी यांतील समानता कायद्याने मिळाली तरी घरातील आणि शय्येवरील सत्तासंबंध तसेच राहतात, आणि मूळ तेथे आहे. या म्हणण्याशी मतभेद असू शकतो; मात्र ते अगदी हळू आवाजातही मांडता येते. आक्रस्ताळेपणा हा स्वभाव आहे, सिद्धांत नव्हे, आणि तो मवाळांतही आढळतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील चर्चासत्रात एका वक्त्याने सांगितले की, स्त्रीवादी व्हॅलरी सोलानस हिने पुरुषजात नष्ट करावी असा जाहीरनामा लिहिला आणि एका पुरुषावर गोळ्याही झाडल्या. हे खरे आहे का? असल्यास तिला स्त्रीवादी म्हणायचे का? — पदवीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : घटना खऱ्या आहेत. सोलानस हिने १९६७ साली आपला जाहीरनामा स्वतःच छापला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उभे राहून विकला. त्यात पुरुषांच्या उच्चाटनाची भाषा आहे. ३ जून १९६८ रोजी तिने चित्रकार अँडी वॉरहॉल याच्यावर गोळ्या झाडल्या. तो मरता मरता वाचला, आणि त्या वेळी तेथे असलेला एक कलासमीक्षकही जखमी झाला. तिने वॉरहॉलकडे दिलेल्या नाटकाच्या हस्तलिखितावरून त्यांच्यात वितुष्ट आलेले होते. तिला गंभीर मानसिक आजार असल्याचे निदान झाले, तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

त्या जाहीरनाम्यात उपहास किती आणि खरोखरीचे मत किती, याविषयी अभ्यासक अजून वाद घालतात. पुरुषांनी शतकानुशतके स्त्रीविषयी ‘अपूर्ण’, ‘हीन’, ‘भावनेच्या आहारी जाणारी’ असे जे शास्त्रीय आव आणून लिहिले, त्याचीच शब्दशः उलटी नक्कल तिने केली, असे काहींचे मत आहे, आणि तो जाहीरनामा वाचताना ते पटते. पण नक्कल करणाऱ्याच्या हाती नंतर खरे पिस्तूल आले, हे विसरून त्या लेखनाकडे केवळ विनोद म्हणून पाहणे मला जमत नाही.

तिला स्त्रीवादी म्हणावे की नाही, या प्रश्नाने त्या वेळची चळवळही हादरली होती. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या अमेरिकेतील स्त्रीसंघटनेच्या न्यूयॉर्क शाखेच्या अध्यक्ष टी-ग्रेस ॲटकिन्सन यांनी सोलानसची उघड पाठराखण केली, त्याच संघटनेतील फ्लॉरिन्स केनेडी यांनी तिचे वकीलपत्र घेतले, आणि संघटनेच्या संस्थापक बेटी फ्रीडन यांनी मात्र संघटनेचे नाव या प्रकरणाशी जोडले जाऊ नये म्हणून धडपड केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघटनेच्या अंतर्गत रचनेच्या वादावरून ॲटकिन्सन बाहेर पडल्या. या वादात मी फ्रीडन यांच्या बाजूची आहे. पीडित व्यक्तीचा क्रोध समजून घेणे आणि त्या क्रोधाने केलेल्या खुनी हल्ल्याला राजकीय कृतीची प्रतिष्ठा देणे यांत जी रेषा आहे, ती ॲटकिन्सन यांनी ओलांडली असे मला वाटते. सोलानस स्वतः कोणत्याही स्त्रीसंघटनेची प्रतिनिधी नव्हती, हेही वक्त्यांनी सांगायला हवे होते.

तुलनेसाठी ‘रेडस्टॉकिंग्ज’ या न्यूयॉर्कमधील गटाचा १९६९ सालचा जाहीरनामा जरूर वाचा. तोही सर्व पुरुषांवर दडपणुकीचा आरोप ठेवतो आणि भाषेत कोठेही हात आखडता घेत नाही. पण त्यात असेही म्हटले आहे की, बदलण्याची गरज आम्हाला नाही, पुरुषांना बदलण्याची गरज आहे. हे वाक्य पुरुष वाचकाला झोंबते खरे. परंतु जो बदलू शकतो असे आपण मानतो त्यालाच आपण ‘तू बदल’ असे सांगतो. सोलानसच्या जाहीरनाम्यात अशा मागणीला जागाच नाही, आणि या दोन लेखनांत मला जो फरक दिसतो तो येथे आहे.

प्रश्न : ताई, आपण अमेरिकेची उदाहरणे देता, पण आपल्या ताराबाई शिंद्यांनीही पुरुषांना कमी का झोडपले आहे? मग त्यांनाही पुरुषद्वेष्ट्या म्हणायचे का? — एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : आपण माझ्या आवडीचा विषय काढलात, त्यामुळे उत्तर लांबले तर क्षमा असावी.

ताराबाईंची ‘स्त्रीपुरुषतुलना’ ही पुस्तिका १८८२ साली पुण्यात छापली गेली. ताराबाई विदर्भातील बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालून तिला फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे अपिलात कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतीविषयी जे लिहिले जाऊ लागले, त्याने ताराबाई पेटून उठल्या. त्या मुलाचा कोणी बाप होता की नाही, हा साधा प्रश्न विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. स्त्रीच्या ठिकाणी कपट, साहस, अविचार, लोभ इत्यादी दुर्गुण उपजतच असतात, असे सांगणारी जी वचने त्या काळी विद्वान लोक फेकत असत, त्यांतला एकेक दुर्गुण त्या हाती घेतात आणि तो पुरुषांत किती मापाने भरला आहे हे दाखवतात. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ हे स्पष्ट करून दाखवण्याची प्रतिज्ञा आहे. आजच्या वाचकाला ‘साहसी’ म्हणजे शूर वाटते, पण तेथे अर्थ बेगुमानपणे दुष्कर्म करणारा असा आहे. या एका शब्दामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. बायको मेली तर नवरे दाढीमिश्या भादरून रानात का जाऊन राहत नाहीत, असे त्या विचारतात. दारू पिऊन, लाथा घालून, बाहेरख्याली करून घरी आलेल्या नवऱ्याचे, गोकुळात लोणी चोरून परतलेल्या श्रीकृष्णाप्रमाणे हसतमुखाने स्वागत करायचे याला स्त्रीधर्म म्हणतात काय, असेही विचारतात. ही माजघरातली, ओव्यांच्या आणि भांडणांच्या सरावाची मराठी आहे, आणि कोणत्याही अमेरिकन जाहीरनाम्याहून ती मला अधिक ताजी वाटते.

त्या सरसकट बोलतात काय? होय, बोलतात, आणि तसे स्वतःच सांगतात. आपण अमुक जात किंवा अमुक घराणे डोळ्यांपुढे ठेवलेले नसून स्त्रिया आणि पुरुष एवढीच तुलना केली आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. मात्र पुरुष जन्मतःच दुष्ट असतो असा सिद्धांत त्या मांडत नाहीत. त्यांचा सारा युक्तिवाद उलट दिशेने जातो: देवाने दोघांनाही सारखेच निर्माण केले, जीव दोघांनाही सारखाच प्यारा, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? दुर्गुण जर जन्मजात आणि एकाच जातीचे असतील, तर तुलना करण्यात अर्थ राहत नाही. ‘तुलना’ हा शब्द शीर्षकात आहे, याचा अर्थ तराजू दोघांसाठी एकच आहे. त्यांना पुरुषद्वेष्ट्या म्हणणे मला म्हणूनच चूक वाटते. त्या पुरुषांवर भयंकर संतापलेल्या होत्या, एवढे मात्र खरे.

तरीही त्या काळी त्यांच्यावर टीका झाली, आणि ती केवळ सनातन्यांकडून नव्हे. सत्यशोधकांच्या वर्तुळातही काहींना ही भाषा रुचली नाही. त्या वेळी महात्मा फुले पुढे आले. १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांना दूषणे देणाऱ्यांची हजेरी घेतली. ज्या वर्गावर आरोप होत होता, त्याच वर्गातील एक माणूस, आणि तोही वयाने व अधिकाराने मोठा, ‘ही मुलगी खरे बोलते आहे’ अशा भूमिकेने उभा राहिला. ताराबाईंचे यानंतरचे पुस्तक मात्र नाही. पुढे ‘स्त्रीपुरुषतुलना’ विस्मरणात गेली. ती शोधून पुन्हा प्रसिद्ध करण्याचे श्रेय संशोधक स. गं. मालशे यांचे, आणि ते वर्ष १९७५. योगायोग असा की, वर ज्यांचा उल्लेख आला त्या ब्राउनमिलरबाईंचा ग्रंथही त्याच वर्षीचा.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, वय २९. घरी स्वयंपाक आणि भांडी माझ्याकडे आहेत. कार्यालयातील महिला दिनाच्या कार्यक्रमात मी ‘सगळेच पुरुष तसे नसतात’ असे म्हणालो, तर सगळ्या हसल्या. मला फार अपमान वाटला. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सहकारी मुलींविषयी घाणेरडे विनोद येतात. मी ते कधीच पुढे पाठवत नाही, वाचून सोडून देतो. मग माझ्यासारख्याने या चळवळीत नेमके कोठे उभे राहायचे? — एक तरुण, ठाणे

उत्तर : त्यांनी हसायला नको होते. प्रामाणिकपणे बोललेल्या माणसाला हसून गप्प करणे ही सभ्यता नव्हे, आणि त्याने चळवळीचेही नुकसान होते. आपल्यासारखे कितीतरी तरुण त्या हसण्यानंतर दूर जातात आणि मग त्यांना जवळ करणारे लोक वेगळेच असतात. ही तक्रार नवी नाही. बेल हुक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने १९८४ सालीच पुरुषांना संघर्षातील सहकारी मानणारे स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि पुरुषांना शत्रू ठरवणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांना बजावले की, गरीब आणि कृष्णवर्णीय स्त्रीला आपल्या बापाला, भावाला, मुलाला सोडून लढणे परवडत नाही. त्याआधी १९७७ साली बोस्टनमधील ‘कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या गटाने आपल्या निवेदनात लिहिले होते की, समाजाने पुरुषांना जे घडवले आहे त्याची आम्हाला चीड आहे, पण त्यांचे जैविक पुरुषपण हे त्याचे कारण आहे, असा चुकीचा समज आम्ही बाळगत नाही.

उभे कोठे राहायचे, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोली भागातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष ठरवले, तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पत्रावर वसुधा धगमवार आणि लतिका सरकार यांच्या जोडीने उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांच्याही सह्या होत्या. मुंबईत १९९३ पासून हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी ‘मावा’ या संघटनेतर्फे स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांमध्येच काम करत आले आहेत. या माणसांना कोणी प्रवेशद्वारावर अडवले नाही.

आता आपल्या वाक्याविषयी. ‘सगळेच पुरुष तसे नसतात’ हे विधान खरे आहे. ते कोणाला सांगायचे, याविषयी मात्र विचार करावा. सर्वांत जहाल समजल्या जाणाऱ्या अमेरिकन स्त्रीवादी लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन १९८३ साली मिनेसोटा राज्यात सुमारे ५०० पुरुषांपुढे बोलल्या होत्या. त्या परिषदेला आलेले पुरुष आपल्यासारखेच होते. बदलू पाहणारे, सभ्य, थोडे दुखावलेले. बलात्कार अटळ किंवा नैसर्गिक आहे असे मी मानत नाही, तसे मानत असते तर येथे आलेच नसते, असे त्यांनी सांगितले, आणि बलात्काराविना एक दिवसाचा, चोवीस तासांचा युद्धविराम मागितला. ‘आम्ही तसे नाही’ असे सांगणाऱ्या पुरुषांना त्यांचे उत्तर असे होते की, ते मला सांगू नका. जे तसे आहेत आणि जे त्यावर पैसा मिळवतात, त्यांना जाऊन सांगा.

महिला दिनाच्या सभागृहात आपले वाक्य ज्यांनी ऐकले, त्या बहुधा त्या विनोदांतल्याच मुली होत्या. आपण विनोद पुढे पाठवत नाही, ही गोष्ट त्यांना कळण्याचा काही मार्ग नाही, आणि गटातील मित्रांनाही ती कळलेली नाही. त्यांच्या लेखी आपण वाचता आणि काही म्हणत नाही. जे वाक्य आपण त्या दिवशी स्त्रियांपुढे बोललात, ते आपल्या गटात अजून कोणीही बोललेले नाही, असे आपल्या पत्रावरून दिसते.